सोप्या फेऱ्यावरचा जबाब

नोकरीतली बहुतेक प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता पंचनामा कोणत्या गुन्ह्यातला, हे सांगताना माझाही गोंधळ होतो. हे एक प्रकरण मात्र मिसळत नाही. रोज सकाळी सायकलवर टांग टाकली की ते समोर येऊन उभे राहते, कारण ते ज्या रस्त्यावर घडले त्याच रस्त्यावर मी आता फिरायला जातो.

पालघर-बोईसर पट्ट्यातल्या एका शहरात मी तेव्हा सहायक पोलीस निरीक्षक होतो. शहराचे नाव लिहीत नाही, माणसांचीही लिहीत नाही. त्यातले बहुतेक जण हयात आहेत आणि बाजारात एकमेकांना भेटतात. नवा जिल्हा होऊन काही वर्षे झाली होती. कचेऱ्या आल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर नदीकाठाने एक सायकलमार्गही आला होता. बाजारपेठेतून निघायचे, जुन्या चिंचांखालून बांधावर चढायचे. मग एका हाताला चिकू-नारळाच्या वाड्या आणि दुसऱ्या हाताला नदी. थोडे पुढे नदीची खाडी होते, पाणी खारे होते, बांधाखाली तिवरांची, म्हणजे खारफुटीची, झाडी सुरू होते. पुलापाशी वळून पुन्हा शहरात. कुठे चढ नाही, कुठे वाहतूक नाही. सुरुवातीला पाटी होती : 'सोपा मार्ग. लहान-थोर सर्वांसाठी. मोटारसायकलींना मनाई.' लोक त्याला सोपा फेरा म्हणत.

एका सकाळी या फेऱ्यावर, खाडीच्या वळणावर, एक माणूस बेशुद्ध सापडला. सरकारी कार्यालयातला कारकून, पन्नाशीचा. डॉक्टरांनी साखर कमी करायला सांगितली म्हणून त्याने नवी निळी सायकल घेतली होती. फिरायला आलेल्या मंडळींना तो सव्वासहाच्या सुमारास बांधावर पडलेला दिसला. डोक्याला मार होता. त्यांनी त्याला रिक्षात घालून रुग्णालयात नेले. मी तासाभराने पोचलो, तेव्हा तिथे रक्ताचा डाग होता आणि सायकल नव्हती.

पहिली चूक मी तिथेच केली. बांधाच्या काठावर उभा राहून मी खाली पाहिले. तिवरांची दाट झाडी, खाली चिखल आणि त्यापलीकडे पाणी. आदल्या संध्याकाळीच बुटांना पॉलिश केले होते. मी खाली उतरलो नाही. 'सायकल मिळून आली नाही' असे लिहिले आणि जबरी चोरीचा गुन्हा नोंदवला.

दुसऱ्या दिवशी खबर आपल्या पायांनी ठाण्यात चालत आली. जवळच्या गावातला एक बागायतदार, पानवेलींची वाडी असलेला, शांतता समितीचा सदस्य. गणपतीत, मोहरमला, कधीही बोलवा, हजर. मी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला.

"साहेब, त्या बिचाऱ्याची सायकल सापडली का?"

"अजून नाही."

"मग बोईसरच्या रस्त्याला कामगारांची चाळ हाय ना, तिकडे बगा. माजा नाव नका येऊ देऊ. परप्रांतीय लोक हायत, उगाच दुश्मनी नको."

जाताना मी त्याला सोडायला पायरीपर्यंत गेलो. त्याची मोटारसायकल माझ्या गाडीला खेटून उभी होती. आमच्याकडे खाऱ्या हवेत सहा महिन्यांत कोणत्याही चकचकीत वस्तूचा रंग जातो. त्याच्या गाडीचा उजवा आरसा तसाच गंजलेला होता आणि डावा आरसा कोरा, दुकानातून नुकताच आणल्यासारखा. हे माझ्या डोळ्यांनी पाहिले. डोक्याने पाहिले नाही.

चाळीत सायकल मिळाली. बोईसरच्या एका कारखान्यातल्या कंत्राटी कामगाराच्या दाराशी, चाकांचा चिखल नळावर धुऊन, उन्हात उभी केलेली. तिशीचा माणूस. पळाला नाही, लपला नाही.

"कल छुट्टी था साहब. आठ बजे गळ डालने गए थे खाड़ी में. सायकल नीचे कीचड़ में पड़ी थी, झाड़ी के अंदर."

"पोलिसांत का नाही दिलीस?"

तो जरा वेळ माझ्याकडे पाहत राहिला. "पुलिस के पास जाते तो यही होता ना, साहब?"

या उत्तराचा मला राग आला. मी त्याच्या कानाखाली मारली. तीस वर्षांत मी हात उचललाच नाही, असे मी म्हणणार नाही. पण ती चपराक एका खऱ्या उत्तरासाठी होती आणि म्हणून ती माझ्याच गालावर राहिली आहे.

मला मात्र तेव्हा मी फार हुशार वाटत होतो. मी मोबाइलवर भरतीची वेळ काढली होती. त्या दिवशी सकाळची भरती साडेसातची होती. बांधाच्या दगडांवर पाण्याची काळी रेघ स्पष्ट दिसते. पाणी तिथवर चढते, हे उघड होते. म्हणजे साडेसातला सायकल पाण्याखाली गेलीच असती. पण तिच्या गादीवर खाऱ्या पाण्याचा डाग नाही, गादीखालच्या पिशवीतली कारकुनाची औषधाची चिठ्ठीही कोरडी, अक्षर जसेच्या तसे. याचा अर्थ आरोपीने सायकल आठ वाजता चिखलातून काढलेली नाही. सहा वाजता कारकुनाच्या हातून हिसकावली. न्यायालयात मी हे मुद्देसूद मांडले. तीन दिवसांची पोलीस कोठडी मिळाली. वरिष्ठ म्हणाले, "सातारकर असून भरती-ओहोटीचा अभ्यास चांगला केलात." मी सुखावलो. आमच्या गावी विहिरीशिवाय पाणी ठाऊक नाही.

घटनेनंतर तिसऱ्या दिवशी दुपारी एक म्हातारा ठाण्यात आला. उघडे पाय, गुडघ्यापर्यंत सुकलेला चिखल, डोक्याला फडके. खाडीत जाळे लावून बसणारा मच्छीमार. न बोलावता ठाण्यात येणारा साक्षीदार मी फारसा पाहिलेला नाही. तो उभाच राहिला. मी त्याला बस म्हटले नाही.

"साहेब, तुमी भैयाला पकडलाय, तो चोर नाय. आठच्या सुमाराला माज्यासमोर त्याने सायकल वडून काडली. मंग आपला लाल गमचा तिवराला बांदला नि मला बोलला, बाबा, कोन शोदायला आला तर सांग, सायकल माज्याकडे हाय. कोनच आला नाय. म्हनून मी आलो."

"आठला तिथे पाणी असणार. सायकल कोरडी कशी राहिली?"

"भांग होता ना त्या दिशी."

जबाब लिहिणाऱ्या हवालदाराचे पेन थांबले. "काय होती?"

"भांग. अष्टमी नव्हती का? अष्टमीला भांगच असतो."

"दर अष्टमीला?"

"दर अष्टमीला. म्हैन्यातून दोनदा. आज्याच्या वक्तापासून बगत आलोय."

हवालदाराने माझ्याकडे पाहून डोळा मिचकावला. "मग चढत नाही का बाबा?"

"नाय. भांग असला का चढत नाय. उदान असला मंग चढतो. असा चढतो का पार बांदावर येतो."

"बांधावर येतो की बांधावर लोळतो?"

सगळे ठाणे हसले. मीही हसलो. म्हातारा आमच्या तोंडांकडे पाहत होता. आपले काय चुकले ते त्याला कळेना. मग इतके लोक हसतात म्हणून, रीत म्हणून, तोही थोडा हसला. ते त्याचे हसणे मला विसरता येत नाही.

मी मजकूर सांगितला, हवालदाराने लिहिला : 'साक्षीदार हा नियमितपणे भांगेचे सेवन करतो व घटनेच्या दिवशी तो भांगेच्या अमलाखाली होता, असे तो स्वतः सांगतो.' खाली आमचे नेहमीचे वाक्य : 'वरील जबाब मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.' वाचून कोणी दाखवला नव्हता. म्हाताऱ्याने विश्वासाने अंगठा उठवला. लाल गमछा खरोखर तिथे आहे का, हे पाहायला मी एक शिपाईसुद्धा पाठवला नाही. जबाब विश्वासार्ह नाही, असा शेरा मारून मी मोकळा झालो. कोठडी संपल्यावर त्या कामगाराची तुरुंगात रवानगी होणार होती आणि कंत्राटदाराने त्याच्या जागी दुसरा माणूस घ्यायची तयारी केली होती. हे मला ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमची एक महिला शिपाई माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. किनाऱ्यावरच्या दांडीकडची मुलगी, नोकरीत दुसरेच वर्ष. कागद संगणकावर चढवण्याचे काम तिच्याकडे होते. तिच्या हातात तो जबाब होता.

"सर, रागावणार नसाल तर एक विचारू?"

"विचार."

"हे बाबा भांग पितात असं खरंच बोलले?"

"स्वतः बोलला. दर अष्टमीला."

तिने ओठ दाबले. हसू आवरत होती की भीती, मला कळेना. "सर, ती भांग नाही. तो भांग. आमच्या घरी सगळे दर्यावर जाणारे. अवसेला, पुनवेला पाणी खूप चढतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीला पाणी कमी चढतं, त्याला भांग म्हणतात. भरती येते, पण अर्ध्यावरनं परत जाते. बांधावरची काळी रेघ उधाणाची आहे, सर. अष्टमीला पाणी त्या सायकलपर्यंत गेलंच नसणार. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे कळतं."

शेवटचे वाक्य तोंडातून निसटल्यावर ती घाबरली. घटनेच्या सकाळी सव्वासातला, भरती जवळजवळ पूर्ण असताना, मी स्वतःच बांधावरून खाली उघडा चिखल पाहिला होता. मला शाळेतला भूगोल आठवला. 'उधाणाची भरती' आणि 'भांगाची भरती'. दोन गुणांचा प्रश्न. मला त्यात दोनपैकी दोन गुण मिळाले होते. भांगाची आणि भांगेची, एवढाच फरक. म्हाताऱ्याने तर 'भांग होता' असे व्याकरणशुद्ध सांगितले होते. इकडची माणसे पुल्लिंग-स्त्रीलिंग बघत नाहीत, असे समजून ते अशुद्ध आम्ही केले. 'उदान' हा शब्दही माझ्या कानावर पडला होता. पण हसणारा माणूस ऐकत नसतो.

"सर, अजून एक." ती म्हणाली. "आज बारस आहे. पाणी रोज वर चढत चाललंय. उद्याच्या भरतीला ते झाडीत शिरेल आणि अवसेपर्यंत सगळं धुऊन नेईल. तिथे काही पडलं असेल तर ते आजच मिळेल. आत्ता ओहोटी आहे."

आम्ही दोन पंच घेतले आणि निघालो. म्हातारा आपल्या जाळ्यापाशीच होता. मी त्याला हाक मारली, "बाबा, जरा दाखवता का?" काल मी त्याला एकेरी बोललो होतो, हे त्याच्या लक्षात आले असावे. त्याने माझ्या पायांकडे पाहिले.

"बूट काडा साहेब. हा चिकल बूट ठेवून घेतो नि माणूस परत देतो."

मी बूट काढले. ती मुलगी पँट दुमडून आमच्या आधीच खाली पोचली होती. लाल गमछा तिवराच्या फांदीला बांधलेला होता, पक्की गाठ मारून, चार दिवस कोणी शोधायला येईल म्हणून वाट पाहत. म्हाताऱ्याने झाडाच्या बुंध्यावर बोट ठेवले. "ही बगा रेघ. भांगाचा पानी हितवर. सायकल होती ती त्या तिकडे, वर." दोन्हींत हातभर अंतर होते. त्या हातभर अंतरावर एक माणूस कोठडीत बसला होता.

सायकलच्या जागेपासून चार पावलांवर, दोन दगडांच्या फटीत, त्या मुलीला ती वस्तू दिसली. मोटारसायकलचा डावा आरसा, दांड्यासकट तुटलेला. दांडा गंजलेला. त्यावर सायकलचा निळा रंग घासला गेला होता.

त्या क्षणी माझ्या डोक्याने, तीन दिवसांनी का होईना, ठाण्याच्या पायरीखालची ती मोटारसायकल पाहिली.

बागायतदाराला मी दुसऱ्या सकाळी बोलावले. तीच खुर्ची, तसाच चहा. तो हसत बसला. मी विचारले, "शेठ, सायकल चाळीत आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"बोलत होती चार माणसं."

"त्यातल्या एकाला बोलवू या."

"आता कोन बोलला, ते कुटं ध्यानात ऱ्हातंय साहेब."

मी खणातून आरसा काढला आणि चिखलासकट टेबलावर ठेवला. आणखी काही विचारले नाही. माझा अनुभव असा, की आरडाओरडा केला की माणसाला उत्तर शोधायला वेळ मिळतो. गप्प बसले की तो स्वतःशी बोलू लागतो. चहावर साय धरली. त्याने आधी आरशाकडे पाहिले, मग दाराकडे.

"मी मारला नाय साहेब," तो शेवटी म्हणाला. "लागला."

पानांचे करंडे बाजारात लवकर पोचवायचे म्हणून तो रोज पहाटे त्या मनाईच्या मार्गावरून मोटारसायकल घालत असे. वळणावर कारकून समोर आला. धक्क्याने सायकल उडून खाली झाडीत गेली, माणूस बांधावर पडला. "थांबनार होतो. देवाशपथ थांबनार होतो. पन पाटी आठवली." आठ वाजता तो तुटलेला आरसा शोधायला परत आला, तर खाली कामगार सायकल ओढत होता आणि म्हातारा पाहत होता. त्याला खाली उतरता आले नाही. मग त्याने दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येऊन चहा घेतला. चाळ कोणती, हे त्याने सायकलमागे जाऊन पाहिले होते.

गुन्हा उलगडला. बेदरकारपणे गाडी चालवून जखमी करणे, मदत न करता निघून जाणे, खोटी माहिती देणे, अशी कलमे लागली. कारकून शुद्धीवर आला. त्याला त्या सकाळचे काही आठवत नव्हते, त्यामुळे तो आरसा मिळाला नसता तर खरे कोणालाच कळले नसते.

आता ज्या गोष्टीचा मला अभिमान आहे, ती सांगतो. कामगाराला सोडण्यासाठी न्यायालयात अहवाल द्यायचा होता. 'पुरेसा पुरावा मिळून आला नाही' एवढे एक वाक्य पुरते. बहुतेक वेळा तेवढेच लिहितात. पण त्या वाक्याने माणूस सुटतो आणि डाग राहतो. मी सविस्तर लिहिले : सदर इसम निर्दोष आहे. साक्षीदाराचा जबाब पहिल्या दिवसापासून खरा होता. तपासी अंमलदाराला स्थानिक शब्दाचा अर्थ माहीत नव्हता, त्याने तो विचारला नाही, व जबाब साक्षीदारास वाचून दाखवला नाही. तपासी अंमलदार म्हणजे मी.

वरिष्ठ म्हणाले, "हे शेवटचं वाक्य खोडा. तुमच्याच सेवापुस्तकात उतरेल."

"उतरू द्या, साहेब."

उतरले. लेखी ताकीद मिळाली. त्याआधी मला दोन-तीन प्रशस्तिपत्रे मिळाली होती. ती कुठे आहेत, मला आठवत नाही. ती ताकीद मी जपून ठेवली आहे. त्या महिला शिपायाला मी बक्षिसासाठी शिफारस केली आणि तिला ते मिळाले. त्या दिवशी माझी छाती स्वतःच्या कोणत्याही बक्षिसापेक्षा जास्त फुगली होती.

कामगार सुटला त्या दिवशी मी त्याला घ्यायला गेलो. गणवेशात गेलो, मुद्दाम. कारखान्याच्या फाटकावर कंत्राटदारासमोर उभा राहून सांगितले, की याने काही केले नव्हते, चूक पोलिसांची होती. हे मोठ्याने सांगितले, म्हणजे आजूबाजूच्या कामगारांनाही ऐकू जाईल. कंत्राटदाराने काचकूच केली, पण पुढच्या पाळीपासून त्याला कामावर घेतले. मग मी त्याला बाजूला नेऊन म्हटले, "मी हात उचलला, ते चुकलं. माफ कर."

तो माझ्याकडे पाहत राहिला, पहिल्या दिवशी पाहिले होते तसाच. माफ केले, असे तो म्हणाला नाही. म्हणाला, "साहब, हमारा गमछा मिल जाता तो..."

गमछा मुद्देमालात जमा होता. न्यायालयाच्या हुकुमाशिवाय तो देता येत नव्हता. मी नवा घेऊन देतो म्हटले, तर नको म्हणाला. हुकूम व्हायला बरेच महिने लागले. तो झाला त्या दिवशी मी गमछा स्वतः धुतला, इस्त्री केली आणि सायकलवर बसून चाळीत नेऊन दिला. त्याने तो खांद्यावर टाकला आणि मला चहा विचारला. मी उंबऱ्यावर बसून प्यालो.

म्हाताऱ्याचा जबाब मी नव्याने घेतला होता. ठाण्यात नाही, त्याच्या जाळ्यापाशी, बांधावर बसून. लिहून झाल्यावर एकेक वाक्य वाचून दाखवले. 'त्या दिवशी भांग होती' इथे त्याने मला थांबवले. "होती नाय, साहेब. होता." मी दुरुस्त केले, शेजारी सही केली आणि मग त्याने अंगठा दिला. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मी एकही जबाब वाचून दाखवल्याशिवाय बंद केला नाही. त्या मुलीने ठाण्यात एक वही सुरू केली. खाडीचे, वाडीचे, डोंगराकडचे शब्द आणि त्यांचे अर्थ. बाहेरून बदलून आलेल्या अधिकाऱ्याच्या हातात पहिल्या दिवशी ती वही पडते. त्या वहीतला पहिला शब्द कोणता, हे सांगायला नको.

निवृत्तीनंतर मी इथेच राहिलो. रोज सकाळी सोपा फेरा मारतो. कधी कधी तो कारकूनही बरोबर असतो. त्याच्या डोक्यावर आता हेल्मेट असते आणि साखरही ताब्यात आहे. खाडीच्या वळणावर आलो की मी सायकलवरून उतरतो. अष्टमीला म्हातारा खालून हमखास हाक मारतो.

"साहेब, आज भांग हाय!"

"चढला का, बाबा?"

"भांग चढत नाय, साहेब," तो जाळे झटकत म्हणतो. "लिवून घ्या."